बांधावरचा दरवाजा

मी मानशीचा दरवाजा बोलतोय. माझ्या छातीवर खिळ्यांची चार भोकं आहेत. ती कुणी पाडली, कोणत्या कागदासाठी पाडली आणि त्या कागदाच्या नावाखाली एका बाईचं शेत कसं खारं झालं, ते मला सांगायचंय. गावाचं नाव सांगणार नाही. खटला अजून संपलेला नाही. नाव घेतलं की दोन्हीकडचे वकील उद्या माझ्यावरच हरकत नोंदवतील. पेडणे तालुका, नदीकाठ, एवढं पुरे.

मानस ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडे समुद्राची भरती नदीतून पार आतपर्यंत चढते. काठावरची खाजन शेतं त्या भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत. मध्ये मातीचा बांध आणि त्या बांधात चिऱ्यांनी बांधलेलं एक तोंड. तीच मानस. त्या तोंडावर वरून टांगलेला एक लाकडी दरवाजा असतो. भरती आली की नदी त्याला ढकलून मिटवते आणि खारं पाणी बाहेर राहतं. ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी त्याला आतून ढकलून उघडतं आणि नदीला मिळतं. माणूस लागत नाही, कुलूप लागत नाही. पाण्याने सांगायचं आणि दरवाजाने ऐकायचं. हुकूम पाळणं म्हणजे काय हे आम्हा दरवाजांना कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून तर पुढे जे झालं त्याची मला जास्त लाज वाटते.

मी मूळचा डिचोलीकडचा. माट्टीचं झाड होतो. घाटावर त्यालाच ऐन म्हणतात. खाऱ्या पाण्यात टिकावं असं लाकूड आमच्या भागात तेच. खाणीकडे जाणारा एक रस्ता रुंद झाला तेव्हा मी आडवा झालो आणि एका वखारीत पडून राहिलो. एक दिवस बाबली मला न्यायला आला.

बाबली हा वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, शेतकरी संघटनेचा अध्यक्ष. उभं आयुष्य बसमध्ये कंडक्टर म्हणून गेलेलं. बस सोडताना पत्र्यावर दोनदा मारायची सवय हाताला अजून आहे. त्याने माझ्यावरही दोनदा बोटं मारली, कान लावून आवाज ऐकला आणि म्हणाला, "चल."

मला घडवलं ते भिकाजी मेस्ताने. तो नदीपलीकडचा, सिंधुदुर्गातला. हात जितका चालतो तितकंच तोंड. रंधा मारता मारता म्हणाला, "बाबलीनू, ह्यो दरवाजो तुमच्या नातवाच्या लग्नाक सुद्धा आसतलो."

"पयली माज्या झिलाक बायल मेळूंदी," बाबली म्हणाला, "मगे नातवाचा बघूया."

फळ्या जोडून झाल्या. काजूच्या टरफलांचं काळं तेल अंगभर पाजलं. उन्हात मी असा चकाकत होतो की वाड्यावरची माणसं मुद्दाम बघायला येत.

कमलाक्षी आली तीही त्यातच. ती बाबलीची वहिनी, थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर शेत तिनेच ओढलं. तिचं शेत मानशीला लागून आहे, अगदी तोंडाशी. मानशीतून खारं पाणी शिरलं तर पहिलं तिच्याकडे. बाकीच्यांनी केव्हाच कंपनीचं बियाणं घेतलं. ही एकटी अजून कोरगुट लावायची. कोरगुट हे खाजनातलं जुनं भात, थोडं मीठ सोसणारं. त्याचं बी ती पेंढ्याच्या मुडीत बांधून चुलीवरच्या माळ्यावर ठेवते. दर साली पेरायचं, दर साली नवं बी धरायचं. खंड पडला की मुडीतलं बी मरतं आणि तसलं बी पुन्हा दुकानात मिळत नाही. गणेशचवथीला पहिली लोंबी ती दारावर बांधायची आणि नव्या तांदळाची पेज दिराकडे पाठवायची.

तिने माझ्यावर हात फिरवला. "घट बस हां बाबा," म्हणाली. मी मनातल्या मनात हो म्हटलं. तो शब्द मी दिला होता, हे ध्यानात ठेवा.

दरवाजा बदलायचा तर भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, जेव्हा भरतीला जोर नसतो. आधी कुजलेला जुना काढायचा. मग चिऱ्यांच्या खाचा साफ करायच्या, बांधाच्या राखणदार देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं, म्हणजे प्रार्थना, घालायची आणि नवा चढवायचा. एप्रिल महिना होता. जुना निघाला, त्याची फळकुटं त्याच दिवशी कुणाच्या तरी चुलीत गेली. मला बांधावर आणून ठेवलं. बाबली गाऱ्हाण्यासाठी नारळ हातात घेतो न घेतो तोच सिमेंटने भरलेली पिकअप येऊन थांबली.

तिच्यातून शंभू उतरला. मानशीच्या तोंडावर जाळं लावून मासे आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी, धरायचा हक्क दर साली पावणीत, म्हणजे लिलावात जातो, आणि गेली काही वर्षं पावणी त्याच्याकडेच होती.

"बाबली, दरवाजो घालू नको," तो म्हणाला. "तोंड रुंद करया. खारा पाणी खेळूंदे शेतात. सुंगटां हरमलाक पावली की दर बघ! भातात काय मेळता तुका?"

"भात खावचा आसता, शंभू. दर खावचो नसता."

"शेतां अर्धी पडीक. कोण करता भात? ही तुजी वयनी एकटी."

"तुजी पावणी जाळ्याची. मानस तुजी न्हय!"

आवाज चढले. भिकाजीने बाबलीचा दंड धरला. "बाबलीनू, दोन तासांचा काम. चढवन् टाकूया आणि मगे भांडूया."

त्या दिवशी त्याचं ऐकलं असतं तर हे आत्मवृत्त कुणी ऐकलं नसतं, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नसतं. पण बाबलीला राग आला होता आणि त्या रागाला कागद हवा होता. आमच्याकडे माणसाला हक्क असून भागत नाही. तो हक्क शिक्का मारून दुसऱ्याच्या नाकासमोर धरता आला पाहिजे. "आदी कोर्ट," तो म्हणाला. "कोर्टाचो कागद येवंदे, मगे ह्याका दाखयतंय." नारळ पिशवीत परत गेला. गाऱ्हाणं घातलंच नाही. मी बांधावर तसाच राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्याची वकील विनिता जागा पाहायला आली. हुशार मुलगी, कागदपत्रांत चोख. तिने सिमेंटच्या गोण्यांचा फोटो काढला, सळयांचा काढला, उघड्या मानशीचा काढला. त्या फोटोत मीही आलो. बांधावर ऐटीत पडलेला, उन्हात चकाकणारा. मला फार बरं वाटलं होतं. झाडाचा फोटो कुणी काढला नव्हता, वखारीतल्या ओंडक्याचा तर नाहीच.

कोर्टाने आठवड्याभरात हुकूम दिला. चार ओळींचा. पुढील तारखेपर्यंत दोन्ही पक्षांनी मानशीची स्थिती जैसे थे ठेवावी. शंभूचं सिमेंट थांबलं. बाबली पेडण्याहून गरम भजी आणि पाव घेऊन आला आणि बांधावरच वाटले. कागद त्याने असा धरला होता, जणू बसची शेवटची सीट मिळाली.

कमलाक्षीने पाव हातात घेतला, खाल्ला नाही. "भावजी, कागद चांगलो. पण दरवाजो कदी बसता? पाणी काय कागद अडयतलो?"

"आताच बसयतंव," असं म्हणून बाबली आणि भिकाजी मला उचलायला वाकले.

"हां हां! हात लावू नको!" बांधाच्या टोकावरून शंभू ओरडला. तो हसत होता. "स्टे कोणी हाडलो? तुयां. आता तूच मोडतलस? कोर्टाचो अवमान जातलो हां, बाबली. हुकूम झालो त्या दिसा दरवाजो खंय होतो? बांधार. मगे बांधारच ऱ्हवतलो. जैसे थे!"

बाबलीचे हात माझ्या कडेला तसेच राहिले. मला त्याच्या बोटांचा घाम कळला. मग त्याने मला खाली ठेवलं आणि विनिताला फोन लावला. तीही गडबडली. "काका, तारीख जवळच आहे. तोवर थांबा. उगाच अवमानाचं लचांड नको."

तारीख आली. शंभूच्या वकिलाने कोर्टापुढे एक फोटो ठेवला. विनिताने काढलेलाच. "हे पाहा, वादींच्याच फोटोत दरवाजा बांधावर आहे. हीच ती स्थिती." आता कळलं ना मी लाजतो कशासाठी? ज्या बाईला मी घट्ट बसतो म्हणून शब्द दिला, तिच्याविरुद्धचा पुरावा मीच होतो. मी बांधावर पडलोय, म्हणून मी बांधावरच पडावं. आणि पुढे सगळा खटला त्या फोटोवर अडकला. फोटो कधी काढला, कुणी काढला, जुना दरवाजा होता तर तो कुठे गेला. चुलीतल्या राखेला साक्षीला बोलावता येत नाही.

शंभूने हुकुमाची प्रत प्लॅस्टिकमध्ये घालून आणली आणि कुठे ठोकली, तर माझ्यावर. चार खिळे. येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावा म्हणून. पण वाचला कुणीच नाही. लोक लांबून बघत आणि म्हणत, "स्टे आसा." त्या चार ओळी मीच काय तो रोज वाचत होतो. दरवाजा बसवू नये असं त्यांत कुठेही लिहिलेलं नव्हतं. बसवावा असंही नव्हतं. जे चालत आलंय ते चालू द्या, एवढंच कोर्टाला म्हणायचं होतं, असं मला वाटे. आणि चालत काय आलं होतं? भरतीला मिटणं, ओहोटीला उघडणं, कुजला की नवा बसवणं. बापजाद्यांपासून तेच चाललेलं. पण मी लाकूड. मला विचारतो कोण?

हुकुमाचं लोक काय करतात ते मी त्या दोन वर्षांत पाहिलं. बांधावरचा विजेचा खांब कलला, तर लाइनमन म्हणाला, "इथे स्टे आहे." हुकुमात खांबाचं नाव नाही. बांधाला भगदाड पडलं म्हणून माणसं एका कचेरीत गेली, तर साहेबाने मान वर न करता "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे" म्हणून सांगितलं. हुकुमात भगदाड नाही. वाड्यावरच्या एकाने सख्ख्या भावाला विहिरीतून पाइप ओढू दिला नाही, म्हणाला मानशीचा स्टे आहे. विहीर मानशीपासून केवढी लांब! ज्याला जे करायचं नव्हतं, त्याने ते त्या कागदाच्या सावलीत नेऊन ठेवलं. आणि शंभू? शंभूने हुकूम कधीच मोडला नाही. त्याने तो वापरला. मोडणाऱ्याला निदान भीती असते. वापरणारा निर्धास्त झोपतो.

पहिल्या पावसाळ्यात कमलाक्षीने नेहमीप्रमाणे कोरगुट पेरलं. पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन काढलं, रोपं हिरवी झाली. मग उधाणाच्या दिवसांत भरती आली आणि रिकाम्या तोंडातून सरळ आत गेली. मी चार पावलांवर पडलेलो. ते पाणी माझ्या डोळ्यांदेखत तिच्या बांधाला लागलं. कोरगुट मीठ सोसतं, पण बुडून नाही सोसत.

ती रडत बसली नाही. तिने पोती आणली, त्यांत चिखल भरला आणि एकटीने मानशीचं तोंड बुजवायला घेतलं. मी म्हटलं, बरं झालं, कुणीतरी माझं काम केलं. शंभूच्या माणसांनी मोबाइलवर फोटो काढले. संध्याकाळच्या आत शंभूच्या वकिलाचा अवमानाचा अर्ज तयार होता, त्यात कमलाक्षीचं नाव होतं.

बाबली धावत बांधावर आला. धापा टाकत होता. "वयनी, पोलीस येतले. अवमानाक तुरुंग आसा. माका हीं पोतीं काडूकच जाय."

ती कमरेभर चिखलात उभी होती. "पाणी खंयच्या बाजून येता ता दिसता मरे तुका?"

"दिसता."

"मगे?"

"कोर्टाचो हुकूम आसा, वयनी."

"कोर्टान माज्या शेताक बुडूक सांगलां?"

ती बाहेर आली, हात पुसले. "काड, भावजी. तुजो कागद मोठो."

त्याने एकेक पोतं स्वतःच्या हाताने काढलं. शेवटचं निघालं तेव्हा पाणी त्याच्या पायांमधून आत धावलं. तो तिथेच उभा राहिला, पाणी थांबेपर्यंत.

त्या वर्षी चवथीला तिच्या दारावर कोरगुटाची लोंबी नव्हती. तरी तिने बाबलीला पेज पाठवली. रेशनच्या तांदळाची. तो ती घेऊन बांधावर आला, माझ्यावर बसला, पेज पार निवेपर्यंत नुसता बघत राहिला आणि मग एका दमात प्याला. त्यानंतर तो तिच्या अंगणावरून जायचा बंद झाला. देवळाला वळसा घालून लांबच्या वाटेने बाजारात जाई. बांधावर यायचा तो ती शेतात नसताना. येऊन माझ्यावर दोनदा बोटं मारायचा. "चल" मात्र म्हणायचा नाही.

दुसऱ्या वर्षी कमलाक्षीने शेत सोडलं आणि घरामागच्या उंच पट्ट्यात मुडीत उरलेलं ओंजळभर बी टाकलं, निदान वंश राहावा म्हणून. एक लहानशी मुडी भरली. खाली शेतात सुंगटं उड्या मारत होती. शंभूच्या जाळ्यात इतकी मासळी यायची की हरमलच्या किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांच्या स्कूटर बांधापर्यंत येत. वाड्यावरची काही माणसंसुद्धा म्हणायला लागली, हेच बरं. मी त्यांना दोष देत नाही. पडीक शेतापेक्षा माशाचं शेत बरं दिसतं.

मग तिच्या शेताच्या खालच्या कोपऱ्यात खारफुटीचे कोंब वर आले. भरतीबरोबर बिया आल्या आणि चिखलात उभ्या रुजल्या. कमलाक्षी उपटायला गेली, तर कुणीतरी सांगितलं की खारफुटी तोडणं गुन्हा आहे. बघा आता. जैसे थे ठेवायला सांगितलं आणि शेताचं रान झालं. आणि त्या रानाला पुन्हा कायद्याचं संरक्षण. बांधावरची एकच वस्तू खरोखर जैसे थे राहिली होती. मी. माझ्यावर शेवाळ आलं, उन्हाने एक कड आक्रसली, पण जागा सोडली नाही. मी हललो नाही, म्हणूनच बाकी सगळं बदललं.

हे तिसरं वर्ष. घराला रंग काढायला माळा रिकामा केला तेव्हा कमलाक्षीने मुडी बांधावर आणून उन्हात ठेवली. बाबली आलेला तिला दिसला नव्हता. तो मागे वळणार, एवढ्यात ती म्हणाली, "पळू नको, भावजी. ही निमाणी. औंदा शेतात पडली नाय तर कोरगुट सोपला आमचा."

निमाणी म्हणजे शेवटची. त्या दिवशी बाबली जवळच्या वाटेने, तिच्या अंगणावरून गेला.

मे महिन्यात कोर्टाने नेमलेल्या कमिशनर जागा बघायला आल्या. तेजस्विनी नावाच्या वकीलबाई, डिचोलीच्या. मानशीची सद्यस्थिती काय ती लिहून कोर्टाला द्यायची, एवढं त्यांचं काम. त्या आल्या तेव्हा भरती होती. त्यांनी लिहिलं: तोंडावर दरवाजा नाही, नदीचं पाणी शेतात जात आहे. मग दोन्ही पक्ष भांडायला लागले. सिमेंट, फोटो, जुना दरवाजा, अवमान. भांडण इतकं लांबलं की पाणी फिरलं. बाईंनी मान वर केली तर शेतातलं पाणी नदीत चाललेलं.

"अहो, आता मी कुठली स्थिती लिहू?" त्या म्हणाल्या.

"दोनूय लिवा, मॅडम," भिकाजी म्हणाला. "नदी तारीख घेणा नाय."

बाई हसल्या. मग माझ्याजवळ आल्या, उकिडव्या बसल्या आणि शेवाळ पुसून छातीवरचा कागद वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी माणसाने तो माझ्यावर वाकून वाचला.

"काका," त्यांनी बाबलीला विचारलं, "हा दरवाजा बसवू का म्हणून तुम्ही कोर्टाला विचारलंत का?"

बाबलीने विनिताकडे पाहिलं. विनिताने फायलीकडे.

"आम्ही फोटोवर युक्तिवाद केला होता," विनिता म्हणाली.

"तो मी वाचला. मी विचारतेय, दरवाजाबद्दल विचारलंत का? हुकुमाचा अर्थ कळला नाही, खुलासा करा, असं?"

"नाय," बाबली म्हणाला. त्याचा आवाज कंडक्टरचा राहिला नव्हता. "मॅडम, तो हुकूम मियांच हाडलो. ह्या शंभूक बांदूक. आणि मगे मीच भियेलंय. माज्या वयनीन पोतीं घातली ती मी ह्या हातांनी काडलीं. विचारूचा माज्या मनातच येवंक नाय. कोर्टाक कोण विचारता?"

"हुकूम कोर्टाचा आहे," बाई म्हणाल्या. "मग दुसऱ्या कोणाला विचारणार?"

कमलाक्षी थोडी लांब, पुन्हा उन्हात ठेवलेल्या मुडीजवळ उभी होती. तिने ते ऐकलं. पदराने मुडीवरची धूळ झटकली.

विनिताने त्याच आठवड्यात एका पानाचा अर्ज दिला. माझ्या फोटोपायी दोन वर्षं घालवणाऱ्या खटल्यात त्या अर्जावर एका तारखेत हुकूम झाला. जैसे थे म्हणजे मानशीचा पूर्वापार वापर आणि देखभाल चालू ठेवणे. आहे त्याच मापाचा दरवाजा बसवण्यास मनाई नव्हती व नाही. तोंड रुंद करू नये. मनाई नव्हती! हे दोन शब्द भिकाजीने बांधावर मोठ्याने वाचले तेव्हा कुणीच आनंदाने ओरडलं नाही. भजी-पावही कुणी आणला नाही. नव्हती, म्हणजे त्या पहिल्या दिवशीही नव्हती. म्हणजे बुडालेलं शेत, कुजलेली रोपं, काढलेली पोती, यातलं काहीच कोर्टाने सांगितलं नव्हतं. ते सगळं आम्ही आपापल्या भीतीने आणि सोयीने केलं होतं.

भांगाच्या दिवशी भिकाजीने पहार लावून खिळे उपटले. कागद निघाला, तर त्याच्याखाली माझं अंग अजून नव्यासारखं काळंभोर होतं. भोवतीचं सगळं विटलेलं. आक्रसलेल्या कडेला त्याने फळीची पट्टी जोडली. भोकांत लाकडी खुंट्या मारल्या, वर डांबर. या खेपेला बाबलीने आधी नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं, पूर्ण. मग मला चढवलं. बाबलीने माझ्यावर दोनदा बोटं मारली. "चल," म्हणाला आणि लगेच तोंड फिरवलं.

आता मी जिथे असायला हवा तिथे आहे. भरतीला मिटतो, ओहोटीला उघडतो. शंभू वरच्या कोर्टात जायची भाषा करतो. जाईल न जाईल. खालच्या कोपऱ्यातली खारफुटी तशीच वाढतेय, ती आता हलणार नाही. उरलेल्या शेतात कमलाक्षीने निमाणी मुडी सोडून पेरली. सगळं बी उगवलं नाही. मी इथून बघतो. जिथे बी मेलेलं होतं तिथे चिखलाचे रिकामे डाग दिसतात. तेवढे डाग माझ्या नावावर लिहा.

निरोप घेण्याआधी एक मागणं आहे. मी लाकूड आहे, माझ्या मागण्याला स्टॅम्प लागत नाही. तुमच्या हातात कधी असा कागद आला तर तो भिंतीवर ठोकू नका. आधी शेवटपर्यंत वाचा. वाचून कळला नाही तर शेजाऱ्याला विचारू नका, विरुद्ध पक्षाला तर मुळीच नको. ज्याने दिला त्याला विचारा. तोंडातून नाही म्हणेपर्यंत कोर्ट नाही म्हणत नसतं. आपण मात्र त्याच्या वतीने आधीच नाही म्हणून मोकळे होतो आणि दुसऱ्याचं शेत बुडवतो.

काल आषाढातलं उधाण होतं. नदीने मला जोरात मिटवलं. चारांपैकी एका भोकातली खुंटी सुटली आणि पाण्याची बारीक धार आत उडाली, सरळ कमलाक्षीच्या रोपांकडे. बाबली बांधावर होताच. हल्ली प्रत्येक भरतीला असतो. तो खाली उतरला आणि भोकावर अंगठा दाबून उभा राहिला. गुडघ्याएवढ्या पाण्यात, वाकून, एका हाताने चिरा धरून.

कमलाक्षी शेतातून त्याच्याकडे चालत आली.

"काड तो आंगठो, भावजी," ती म्हणाली. "तितला मीठ कोरगुटाक सोसता."

बाबलीने हो म्हणून मान हलवली. पण पाणी फिरेपर्यंत अंगठा काढला नाही.